लाल दोऱ्याची खूण

शिपायाने दोन पाकिटं टेबलावर टाकली तेव्हा मी चादरीला ठिगळ लावत होते. मान वर न करताच मला कळलं, जाड पाकीट माझं नाही.

हॉस्पिटलच्या शिवणखोलीत एकवीस वर्षं काढली की नुसत्या आवाजावरून जाडी कळते. पातळ पाकीट माझं. जाड पाकीट शेजारच्या खिडकीत केसपेपर लिहिणाऱ्या मुलीचं, मी तिला धाकटी म्हणते. दोन्ही पाठवणारी एकच, बटणवाली.

बटणवाली माझी मैत्रीण. ‘माझी’ हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. अकरा वर्षांपूर्वी एका मासिकाच्या मागच्या पानावर तिचा पत्ता आला होता. हाताने केलेल्या वस्तूंची अदलाबदल करायला तिला कुणीतरी हवं होतं. मी कापडाचं भेटकार्ड पाठवलं, तिने जुन्या बटणांची फुलं शिवलेलं कार्ड पाठवलं. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी एक वस्तू इकडून, एक तिकडून. नुसतं पत्र पाठवायचं नाही, सोबत वस्तू हवीच, हा आमचा नियम. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नाही. पण माझे यजमान गेले तेव्हा नातेवाइकांच्या आधी मी तिला लिहिलं, आणि तिची सून रुसून चार दिवस माहेरी गेली तेव्हा तिने मला.

मग गेल्या वर्षी मलाच दुर्बुद्धी सुचली. माझ्याकडे डबा खायला येणारी धाकटी या गावात नवीन, एकटी. म्हटलं, तूही लिही तिला. लिहिलं तिने. आणि बघता बघता मला येणारी पत्रं चार ओळींवर आली, धाकटीला येणारी दोन-दोन पानांची झाली. मला येणाऱ्या कार्डांवरची बटणं आता शिवलेली नसत, नुसती चिकटवलेली, तीही वाकडी. सगळी हौस तिकडे चाललीय हे कळायला काही फार अक्कल लागत नव्हती. पत्र वाचताना धाकटी हसायची आणि माझ्या पोटात दुखायचं. ‘दाखवू का ताई?’ असं ती दरवेळी विचारायची, आणि नेमकी तेव्हाच मला सुई ओवायची असायची. मी जळत होते. त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही.

त्या दिवशी माझ्या पाकिटात दोन बटणांचं कार्ड निघालं आणि चार ओळी. जेवणाच्या सुट्टीत धाकटी आली, तिने तिचं पाकीट फोडलं आणि आतली वस्तू माझ्या पुढ्यात ठेवली.

“बघा तरी, ताई. काय बारीक टाका आहे त्यांचा. तुम्हीसुद्धा शिकून घ्या.”

सुया खोचून ठेवायची कापडी वही होती ती. निळं कव्हर, आत फ्लॅनेलची चार पानं. तीन वर्षांपूर्वी मीच ती केली होती, दोन आठवडे खपून, बटणवालीसाठी.

खात्रीसाठी शेवटचं पान उलटलं. कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन आडवे टाके. बायकांच्या वॉर्डातल्या चादरींवर मी हीच खूण घालते, धुवायला गेलेली चादर फिरून त्याच वॉर्डात यावी म्हणून. सवयीने ती माझ्या प्रत्येक वस्तूवर पडते. बटणवालीला ते ठाऊक होतं. ठाऊक असून तिने माझी भेट हिला देऊन टाकली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ‘ही मी केलीय’ एवढंच म्हटलं असतं तरी धाकटीचं तोंड एवढंसं झालं असतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. त्याऐवजी मी पत्र मागितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मागितलं, म्हणून धाकटी खुलली.

पत्रात लिहिलं होतं, माझ्या हातून आता काही होत नाही, पण रिकामं पाकीट कसं पाठवू? माझ्याजवळ होती त्यातली सगळ्यात चांगली वस्तू तुला देतेय. अक्षर गोल, ठसठशीत होतं.

“हे तिचं अक्षर नाही,” मी म्हटलं.

“त्यांच्या सुनेचं. त्या सांगतात, ती लिहिते. हात थरथरतात ना त्यांचे. ही वही हात धड होते तेव्हाची असणार. मला पहिल्यापासून सूनच लिहिते. तुम्हालाही तीच लिहीत असेल.”

मी माझं कार्ड उघडलं. उभट अक्षरं, खाली खाली घसरत गेलेल्या चार ओळी, एका ठिकाणी पेन अडकून कागद फाटलेला. वर्षभर मी याला टाळाटाळ समजत होते.

“नाही,” मी म्हटलं. “मला ती स्वतः लिहिते.”

धाकटी जराशी हिरमुसली असेल. मग वही उलटी करून म्हणाली, “मागे लाल दोरा राहून गेलाय बघा. काढून द्याल?”

मी कात्री घेतली. आपली खूण मी आजवर कधी उसवली नव्हती. तीन टाके कापले, दोरे चिमटीने ओढून काढले आणि वही तिच्या हातात दिली.

त्या आठवड्यात मी आणखी दोन वह्या शिवल्या. एकीवर खूण घातली, एकीवर नाही. पत्रात त्याबद्दल काही लिहिलं नाही. ठेवायची कुठली आणि देऊन टाकायची कुठली, ते तिला कळेल. दोन्ही अगदी सारख्या करायच्या असं ठरवलं होतं, पण खुणेच्या वहीत फ्लॅनेलचं एक पान मी जास्त घातलं.