दोन रात्री मला ठेवायचे कुठे?

मित्रांनो, मी एक म्हातारा कुत्रा आहे आणि सध्या माझे डोके पार फिरले आहे. घरात मला ढब्बू म्हणतात. पूर्वी मी होतोही ढब्बू. आता नुसती हाडे उरली आहेत, पण नाव काही बदललेले नाही.

चपलांच्या खोक्यात बसून मी या घरी आलो, तेव्हा ताई नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. बाबा सुतार. त्यांच्या कारखान्याची राखण मी अकरा वर्षे केली. एकदा तिथल्या भुशाने पेट घेतला, तेव्हा भुंकून भुंकून मी सगळी गल्ली गोळा केली. त्यानंतर माझे कोण कौतुक! येईल त्याला आई तीच गोष्ट सांगायची. आता कुणी आले की म्हणते, "जरा जपून हं, तो वाटेतून उठत नाही."

गेल्या वर्षापासून मला झोपेत झटके येतात. पाय ताठ होतात, तोंडाला फेस येतो. बाबा मला कुशीवर वळवतात, ताई पाठीवर हात ठेवून बसते, मग कुठे मी शुद्धीवर येतो. म्हणून मामांच्या ऑपरेशनसाठी सगळ्यांनी दोन रात्री परगावी जायचे ठरले, तेव्हा मला घरी एकटे ठेवणे शक्यच नव्हते.

कुत्रे ठेवून घेणाऱ्या पहिल्या जागेच्या मालकाने झटक्यांचे ऐकून हातच जोडले. दुसऱ्या जागी बाबांनी खिशातून टेप काढला. पिंजऱ्याची लांबी मोजली, दार ठोकून पाहिले, "प्लाय चांगला वापरलाय" अशी दादही दिली. आई शिवणकाम करते, तिने गादी उलटी करून टाके तपासले. अरे, मी काय कपाट आहे की उशीचा अभ्रा? रात्री माझ्याजवळ कोण असणार, हे विचारायचे एकाच्याही डोक्यात येईना. मी बाबांची पँट ओढली, तर म्हणाले, "गप रे, तुझ्यासाठीच बघतोय ना!"

मग फॉर्म आला. ताई भरायला बसली आणि आजाराच्या रकान्यापाशी अडली. बाबा हळूच म्हणाले, "नाही असं लिही. यांनीही नको म्हटलं तर कुठे जायचं? दोनच रात्रींचा तर प्रश्न आहे."

ताईने मान खाली घालून 'नाही' लिहिले. मित्रांनो, मला इतका संताप आला! मी भुंकायला गेलो, तर घशातून नुसती खरखर बाहेर पडली.

तिथे फरशी पुसणाऱ्या मावशी थांबल्या. "म्हातारं दिसतंय हो," त्या म्हणाल्या. "रात्री काही त्रास नाही ना याला? आम्ही आठला कुलूप लावून घरी जातो. दार उघडतं ते सकाळी सातलाच."

"बाबा," ताई म्हणाली, "मग याला कुशीवर कोण वळवणार?"

ताईने 'नाही' खोडले आणि झटक्यांचे सगळे लिहून काढले. मालकांनी वाचले आणि फॉर्म परत सरकवला.

घरी आल्यावर बाबांनी भरलेल्या बॅगेतून आपले कपडे काढून ठेवले. "तुम्ही दोघी जा. मी थांबतो." मग माझ्याकडे वळून करवादले, "झालास ना खूश?"

मुळीच नाही! आईला भावाच्या उशाशी एकटीला धीर धरावा लागणार, याचे मला फार वाईट वाटते. पण माझा रागही अजून गेलेला नाही. मित्रांनो, आम्हाला कुठे ठेवायची वेळ आली, तर पिंजऱ्याआधी तिथे रात्री राहणारे माणूस बघा. आणि फॉर्मवर आमचे दुखणे लपवू नका. त्या परक्या घरात तुम्ही लिहाल तेवढेच आम्हाला बोलता येते.