बाबूजींचा हूं आणि रक्षाची चप्पल

आमगव्हाणात त्या गुरुवारी सकाळपासून लोक कॉम्प्युटरच्या दर्शनाला उभे होते. रांग मनोहररावांच्या किराणा दुकानापासून निघून, हातपंपाला वळसा घालून, ग्रामपंचायतीच्या भिंतीला टेकली होती. ज्यांना कॉम्प्युटर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं ते पुढे होते, आणि ज्यांना थोडंफार ठाऊक होतं ते त्यांच्याही पुढे घुसू पाहत होते. केळझरच्या गणपतीला नारळ फोडून परतणाऱ्या दोन जीपासुद्धा इकडे वळल्या होत्या. एका देवाच्या भाड्यात दुसरा फुकट.

दुकानाला लागून असलेल्या खोलीत देव विराजमान होता. लोखंडी डब्याला झेंडूचा हार, मॉनिटरच्या कपाळाला कुंकू, कीबोर्डवर तांदूळ. माऊस हे गणपतीचं वाहन असल्याचं कोणीतरी ठरवल्यामुळे त्याच्यापुढे रोज एक लाडू ठेवला जाई, आणि तो खायला एक खराखुरा उंदीर नेमानं येई. या सगळ्या व्यवहारात शुद्धीवर असलेला तो एकटाच.

आणि दोन्ही स्पीकरमधून अखंड आवाज येत होता : ‘हूंऽऽऽ’.

हा आवाज मनोहररावांचा आहे, याबद्दल गावात दुमत नव्हतं. मनोहरराव वारले होते, पण हयातीत त्यांनी याच एका अक्षरावर दुकान आणि संसार दोन्ही चालवले होते. साखर संपली? हूं. पोरीला कॉम्प्युटर शिकायला वर्ध्याला पाठवू? हूं. मागच्या गोठ्याला आग लागली? हूंऽऽ, जरा लांबवून. महिन्यापूर्वी त्यांची तेरवी झाली त्याच संध्याकाळी कॉम्प्युटर लावला, तर त्यातून ‘हूंऽऽऽ’. माणूस ओळखायला आणखी काय पाहिजे?

दुमत फक्त रक्षाचं होतं. रक्षा मनोहररावांची मुलगी. वर्ध्याला शिकून आली, गावात कॉम्प्युटर क्लास काढला, आणि आता तिच्याच क्लासात तिला रांगेत उभं राहून यावं लागत होतं.

“सरका, महाराज येऊन राह्यले!” तिचा भाऊ भूपेंद्र ओरडला.

प्रेमदास महाराज आत आले. हे पूर्वी वर्ध्यात लग्नांना लाउडस्पीकर भाड्यानं देत. मग त्यांनी भजनं धरली, कारण भजनात नवरदेवाचा मामा भांडत नाही. मनोहररावांच्या तेरवीला स्वतःचा माइक घेऊन तेच आले होते, आणि स्पीकरमधला आवाज मनोहररावांचा, हेही पहिल्यांदा त्यांनीच ओळखलं होतं.

“भक्तहो,” महाराजांनी खोलीभर तांब्यातलं तीर्थ शिंपडलं, “लोक म्हणतात पी.सी. पी.सी. म्हणजे काय? पितृ-संपर्क! गोऱ्या साहेबाले हे माहीत होतं, पण त्यानं आपल्याले सांगितलं नाई. ज्याले शंका अशीन त्यानं हात लावून पाहा.”

भाजीवाले रूपराव वांग्याची टोपली बाहेर ठेवून आलेले होते. त्यांनी डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

“माय व! अंगात करंट गेला!”

त्या खोलीत महिनाभरात झालेलं हे एकमेव शास्त्रशुद्ध विधान होतं. पण सगळ्यांनी हात जोडले आणि ते वाया गेलं.

मग महाराज पाटावर उभे राहिले, डब्यावर पंजा ठेवला आणि डोळे मिटले. नियम सोपा होता. प्रश्न विचारायचा, आवाज मंदावला की होकार, चालू राहिला की नकार.

“पण बाबूजींचा हूं म्हणजे तं होकारच राहे,” रक्षा म्हणाली.

“मेल्यावर माणसाची भाषा उलटी होते, बेटा,” महाराजांनी डोळे न उघडता सांगितलं.

रक्षाची आई शकुंतलाबाई चाचपडत पुढे आली. तिला काचबिंदू होता. उजव्या डोळ्याचं जवळजवळ संपलं होतं. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली वाचवायची तर ऑपरेशन लांबवू नका. तारीख उद्याची होती.

“अहो,” शकुंतलाबाई स्पीकरकडे तोंड करून, चाळीस वर्षांच्या सवयीनं पदर सावरून म्हणाली, “उद्या डोळ्याले जाऊ का?”

‘हूंऽऽऽ’ चालूच राहिला.

“नकार!” महाराज म्हणाले. मग पाटावरून उतरून, ओल्या फरशीवर उभे राहून त्यांनी पुन्हा पंजा टेकवला. “मनोहरराव, इथंच रोज हात ठेवून डोळा बरा होईल?”

आवाज एकदम खाली बसला. रांगेतून जयजयकार झाला. शकुंतलाबाईच्या एका डोळ्यातून पाणी आलं आणि दुसऱ्यातूनही आलं; रडायला नजर लागत नाही.

“दादा, आईचा डोळा जाईन!” रक्षानं भावाला बाजूला ओढलं.

“बाबूजी नाई म्हनून राह्यले तं मी कोण?” भूपेंद्र म्हणाला. “आत्मा कधी खोटं बोलत नाई, रक्षे.”

दुपारी गर्दी जेवायला गेली. रक्षा परसात भांडी घासत होती. खोलीत उंदरानं लाडूबरोबर वायर खायला घेतल्याचा आवाज आला, तशी ती हातात खराटा घेऊन धावली आणि तशीच पायातल्या रबरी चपलेसकट आत शिरली.

हे फार मोठं पाप होतं. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला म्हणजे देवळात चपला. पायांच्या धुळीतून व्हायरस शिरतो, अशी आमगव्हाणची पक्की समजूत होती, आणि ‘चपला बाहेर काढाव्या’ ही पाटी खुद्द रक्षानंच शिकवणीत ऐकून, जशीच्या तशी, दारावर लावलेली होती.

उंदीर पळाला. रक्षानं ओल्या हातानं डब्यावरचं कुंकू पुसलं. पुसता पुसता ती थांबली. सकाळी हात लावणाऱ्यांना झिणझिण्या येत होत्या, आता तिला काहीच नाही. ‘हूं’सुद्धा तसूभर हलला नव्हता.

तिनं उजवी चप्पल काढली. हाताला मुंग्या, आवाज मंद. चप्पल घातली. मुंग्या गायब, बाबूजी परत जोरात. काढली. घातली. काढली. तिच्या वडिलांचा अमर आत्मा तिच्या उजव्या पायातल्या चपलेच्या आज्ञेत होता.

ती खाली बसली आणि डब्यामागची वायर धरून धरून टेबलाखाली गेली. भिंतीतला तीन भोकांचा पॉइंट रिकामा होता. कॉम्प्युटरचा प्लग दोन भोकांच्या एक्स्टेंशन बोर्डात कोंबलेला. तिसरी, जाड पिन मुळापासून मोडलेली.

पिन तिला लगेच बदलता आली असती. पण मग महाराज म्हणाले असते, पोरीनं बापाला हाकललं. आणि आई त्याच दिवशी दुसऱ्यांदा विधवा झाली असती, डोळा गमावून. आईला हे स्वतःच्या कानांनी ऐकू येणं भाग होतं.

संध्याकाळच्या आरतीला खोली गच्च भरली. फरशीवर ताजं तीर्थ होतं.

“महाराज, मले बी बाबूजींशी बोलायचं हाय,” रक्षा म्हणाली.

“ये बेटा,” महाराज गर्दीकडे बघून हसले. “विज्ञान शरण आलं!”

रक्षा अनवाणी पाटावर चढली आणि डब्यावर हात ठेवला. “बाबूजी, दादा दहावीत कॉपी करून पास झाला, खरं ना?” आणि ती हळूच पाटावरून उतरली.

आवाज बसला. होकार.

“आत्मा खोटं बोलून राह्यला!” भूपेंद्र ओरडला.

“असं कसं?” रूपराव म्हणाले. “सकाळी तं तूच म्हने, आत्मा खोटं बोलत नाई.”

“बाबूजी, उद्या सूर्य पश्चिमेले उगवते?”

होकार. रूपराव चिंतेत पडले. त्यांची वांगी पूर्वेच्या उताराला होती.

“बाबूजी, प्रेमदास महाराज भोंदू हायेत?” रक्षा फरशीवरच : होकार. चढली : नकार. उतरली : होकार. “बाबूजींचं पक्कं होऊन नाई राह्यलं. महाराज, तुम्हीच पाटावर उभे राहून एक होकार आणा. फक्त उतरायचं नाई.”

“कोप होईन पोरी! आत्म्याची परीक्षा घेते?”

“सकाळी तं म्हने, शंका अशीन त्यानं पाहा,” मागून कोणीतरी बोललं.

महाराज पाटावर चढले. डोळे मिटले, मंत्र पुटपुटले, कपाळावर घाम आला. ‘हूंऽऽऽ’ चालूच. मग आवाज जरासा बसला.

“अंगठा!” रूपराव किंचाळले. “महाराजांनं अंगठा खाली टेकवला!”

सगळी खोली वाकून महाराजांच्या अंगठ्याकडे बघू लागली. महिनाभर महाराजांच्या हाताकडे बघणाऱ्या लोकांना पायाकडे बघायचं आजच सुचलं. महाराजांनी अंगठा वर घेतला. बाबूजी परत जोरात.

“आई, आता तू ये,” रक्षानं आईचा हात धरून डब्यावर ठेवला. अनवाणी पाय फरशीवर : आवाज मंद. पाटावर : जोरात. रक्षानं आपल्या चपला आईच्या पायात सरकवल्या : जोरात.

“कॉम्प्युटरमधून जराशी वीज लोखंडी डब्यावर येते,” रक्षा सांगू लागली. “प्लगची तिसरी पिन तिले जमिनीत पोचवते. पिन मोडली तं वीज डब्यावरच बसते अन् स्पीकरमध्ये हूं हूं करते. अनवाणी माणसानं हात लावला का त्याच्यातून जमिनीत जाते. म्हंजे मोडक्या पिनेच्या जागी आपण उभे. इतके दिवस सारं गाव रांग लावून पिन होऊन राह्यलं होतं. अन् हे चांगलं नाई, एखाद दिवशी जीव जाईन.”

“पिन मीच तोडली,” भूपेंद्र हळूच म्हणाला. “तेरवीले महाराजांच्या माइकले भिंतीतला पॉइंट पायजे होता. बोर्डात दोनच भोकं.” मग त्याला आठवलं. “अन् पक्कड महाराजांनंच देल्ली.”

सगळे वळले. पाट रिकामा होता. बाहेर महाराज दारातल्या चपलांच्या ढिगात आपली जोडी शोधत होते. ती न सापडल्यामुळे रूपरावांची घालून गेले.

शकुंतलाबाई अजून डब्यावर हात ठेवून उभी होती. रक्षा तिच्या चेहऱ्याकडे बघू लागली. आईला काय वाटत असेल?

“अहो, चहा घेता का?” शकुंतलाबाईनं विचारलं आणि चपलेतून पाय काढला. आवाज लगेच बसला.

तिनं हात मागे घेतला.

“हे तुहे बाबूजी नाई,” ती म्हणाली. “त्याईनं जन्मात मले इतक्या लवकर उत्तर नाई देल्लं. काढ वं हे हार. अन् उद्याची गाडी किती वाजता हाय सेवाग्रामले?”

रक्षानं त्याच संध्याकाळी नवा प्लग बसवला आणि भिंतीतल्या पॉइंटात लावला. खोली गप्प झाली. सकाळी निघताना शकुंतलाबाई नवऱ्याच्या फोटोपुढे थांबून “जाऊन येते” म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता पायऱ्या उतरली. डाव्या डोळ्याची उरलेली नजर वाचली. त्याच नजरेनं पुढे तिनं भूपेंद्रचं दहावीचं प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवलं.

क्लासच्या दारावर आता वेगळी पाटी आहे : ‘चपला घालून यावे.’ धूळ झाडता येते, डोक्यातलं कुंकू पुसायला वेळ लागतो. वाचणाऱ्यानं एवढंच करावं. कुठे चमत्कार दिसला तर हात जरूर लावून पाहावा, पण एकदा चप्पल घालून, एकदा काढून. आणि चमत्कार करणारा हात हवेत फिरवत असेल, तेव्हा त्याचा अंगठा कुठे टेकलाय ते बघावं.