तळ्याकडचा बाण

साहेबांनी मोबाइल टेबलावरून पुढे सरकवला आणि विचारलं, "हा बाण तुमचाच ना?"

बाणवाल्याने कपाळावरचा चष्मा खाली घेतला. फोटोत एक झाड होतं, त्याच्या खोडावर पिवळा बाण, आणि बाणाचं टोक उताराकडे. उतार संपतो तिथे खालचं तळं. रविवारी एक बाई या बाणाच्या भरवशावर सायकल घेऊन उतरली ती थेट पाण्यात गेली. तिचं मनगट मोडलं. तिने लेखी तक्रार दिली होती आणि साहेबांना त्या कागदावर कुणाचं तरी नाव घालायचं होतं.

"रंग माझा आहे साहेब," तो म्हणाला. "हात माझा नाही."

साहेब म्हणाले, मग कुणाचा आहे ते आठ दिवसांत शोधा, नाहीतर हे काम आपण बाहेरच्या माणसांना देऊ, ते पत्र्याच्या पाट्या लावतील.

गावाभोवतीच्या जंगलातून आणि तळ्यांच्या काठाने खडीच्या चार वाटा जात. सगळ्या मिळून एकसष्ट किलोमीटर. जाड टायरच्या सायकली घेऊन लोक लांबलांबून यायचे, आणि त्यांनी वाट चुकू नये म्हणून झाडांवर, दगडांवर, खांबांवर बाण रंगवायचं काम अकरा वर्षं त्याच्याकडे होतं. त्याचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणी वापरत नसे. बायकोच्या माहेरीसुद्धा त्याला बाणवालाच म्हणत.

त्याचा पहिला संशय सायकल क्लबच्या अध्यक्षावर गेला. मोबाइलमध्ये नकाशा असताना बाण हवेत कशाला, असं हा गृहस्थ मागच्या बैठकीत नाक वर करून बोलला होता. पण बाणवाला जागेवर गेला आणि त्याचा हा संशय तिथेच गळाला. सायकलवाल्यासाठी बाण वळणाच्या वीस पावलं आधी आणि कमरेच्या उंचीवर काढायचा असतो, कारण त्याची नजर खडीवर असते. हा बाण नेमका वळणावर होता आणि माणसाच्या डोक्याएवढा उंच. ज्याने काढला तो जन्मात सायकलवर बसला नसावा. तो पायी चालणारा होता.

आसपास अजून चार झाडांवर त्याला पुसट पिवळे डाग दिसले. कुणीतरी बाण काढले होते आणि कुणीतरी घासून पुसले होते. त्याने खोडाला नाक लावलं. टर्पेंटाइनचा वास आला. आता मात्र त्याची खात्री पटली, की इथे काहीतरी पाणी मुरतंय.

खालच्या तळ्याकडे माणसं वळली तर फायदा कुणाचा? तिथे काठावर एकच कँटीन होतं आणि ते त्याच्या मेहुण्याचं होतं. बायकोच्या धाकट्या भावाबद्दल त्याचं मत आधीच काही फार चांगलं नव्हतं. तो कॉफी प्यायच्या निमित्ताने गेला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग हळूच बाणांचा विषय काढला. मेहुण्याने कप विसळता विसळता त्याच्याकडे पाहिलं.

"दाजी, गिऱ्हाईक पाण्यात बुडवून मला काय मिळणार? ती बाई तर कॉफी न घेताच गेली."

हे उत्तर फार पटण्यासारखं होतं, म्हणून बाणवाल्याला ते पटलं नाही.

घरी आल्यावर त्याने शेडमधला रंगाचा डबा उचलून पाहिला. तो हलका लागला. संध्याकाळी बायको त्याच्यापुढे ताट ठेवत असताना त्याला तिच्या अंगठ्याच्या नखात पिवळी रेघ दिसली. त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, स्टूल रंगवलं. जेवण झाल्यावर त्याने स्टूल पाहून घेतलं. ते निळंच होतं.

मग त्याच्या मनाने जे धरलं ते सोडेना. बहीण-भाऊ मिळून आपली रोजीरोटी बुडवायला निघालेत? का? गेल्या वर्षी मेहुण्याला पैशाला नाही म्हटलं, त्याचा हा वचपा? तीस वर्षांच्या संसारात त्याने बायकोचा पैशांचा डबा कधी उघडून पाहिला नव्हता, पण त्या दोन दिवसांत तिची पर्स, तिचा कपाटातला खण, धुवायचे कपडे सगळं तपासलं. मोरीतही टर्पेंटाइनचा वास होता. ती ताकास तूर लागू देत नव्हती. तोही विचारत नव्हता, कारण विचारलं तर ती सावध होईल. घरात तिसरं माणूस म्हणजे सासरे. त्यांना तो मामा म्हणायचा. जंगलखात्यातून निवृत्त होऊन त्यांना पंचवीस वर्षं झाली होती आणि दोन वर्षांपासून ते इथेच होते. जेवलो की नाही हे त्यांना आठवत नसे, तेव्हा त्यांना विचारण्यात काही अर्थ नव्हता.

तिसऱ्या रात्री झोपण्यापूर्वी त्याने शेडच्या कडीला काळा दोरा बांधला. पहाटे उजाडता उजाडता जाग आली तेव्हा शेजारचं अंथरूण रिकामं होतं. दोरा तुटलेला होता. सायकलचा आवाज होईल म्हणून तो पायीच, जवळच्या आडवाटेने निघाला आणि खालच्या तळ्याच्या उतारावर झुडपाआड जाऊन उभा राहिला.

आधी मामा दिसले. अंगात जुना खाकी कोट, डाव्या हातात डबा, उजव्या हातात ब्रश. घरात खुर्चीतून उठायला दोघं लागणारा हा माणूस इथे ताठ चालत होता. एका झाडापाशी थांबून त्यांनी सालीवरून तळहात फिरवला, धूळ झटकली आणि डोक्याच्या उंचीवर एका हाताने सफाईदार बाण काढला. टोक तळ्याकडे. मग ते पुढच्या झाडाकडे गेले. त्यांच्या मागे पन्नास पावलांवर बायको होती. तिच्या हातात बाटली आणि फडकं. ती झाडापाशी आली आणि बाण पुसायला लागली.

बाणवाला झुडपातून बाहेर आला तेव्हा ती दचकली नाही. पुसणंही थांबवलं नाही तिने.

"चौकीकडे निघतात रोज," ती म्हणाली. "तुझी आई वाट बघत असेल म्हणतात. परत येताना चुकू नये म्हणून खुणा करतात."

जंगलखात्याची चौकी या उताराच्या तळाशी होती. तिथेच मामांनी संसार केला, तिथेच ही जन्मली. तळ्याचा बांध वाढवला त्या वर्षी चौकीही पाण्याखाली गेली आणि वाटही. तिची आई त्याच्याही आधी वारली होती.

"अडवलं तर दिवसभर रडतात. म्हणून मागून येते," ती म्हणाली. "त्या दिवशी धुकं होतं. एक राहिला पुसायचा."

"मला का नाही सांगितलंस?"

ती फडकं घडी करत राहिली. "बाबांकडून गॅस चालू राहिला तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतंय? अजून एकदा असं झालं तर त्यांना भावाकडे पाठव. त्याच्याकडे कँटीनच्या मागची एक खोली आहे. दारातच तळं."

त्याला आठवत होतं. आपण हिची पर्स उघडून पाहिली, हेही आठवलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. लाजेपोटी त्याने तिच्या हातातली बाटली घेतली आणि उरलेले तीन बाण स्वतः पुसले.

आठवा दिवस उजाडायची वाट न पाहता तो ऑफिसात गेला आणि म्हणाला, तो हात माझाच होता, नजरचूक झाली.

साहेबांनी तक्रारीचा कागद पुढे ओढला. "त्या दिवशी तर नाही म्हणालात."

"मोबाइलवर नीट दिसलं नव्हतं."

"अकरा वर्षांत वीस पावलांचा हिशोब चुकला नाही तुमचा. कुणाला वाचवताय?"

"वय झालं साहेब," तो म्हणाला.

साहेबांचा विश्वास बसला नाही, पण कागदावर घालायला नाव मिळालं होतं. बाणवाल्याने ओळखपत्र आणि रंगाचे दोन डबे जमा केले. रिकामा झालेला तिसरा डबा मागून घेतला. परतताना तो त्या बाईच्या घरी गेला आणि तिच्या प्लॅस्टरमधल्या हाताकडे बघत त्याने माफी मागितली. महिन्याभरात चारही वाटांवर पत्र्याच्या पाट्या लागल्या. त्या वळणाच्या आधी दहाच पावलांवर होत्या. त्याने कुणाला सांगितलं नाही.

आता पहाटे मामांबरोबर तो जातो. बायको झोपलेली असते, बऱ्याच दिवसांची झोप बाकी आहे तिची. निघताना तो डब्यात नळाचं पाणी भरतो. मामा ब्रश बुडवतात, कोरड्या सालीवर बाण काढतात, आणि ओला बाण गडद उठून दिसतो. त्यांना तेवढं पुरतं. परवा त्यांनी ब्रश त्याच्या हातात दिला. त्याने सवयीने कमरेच्या उंचीवर बाण काढला.

"वर काढ," मामा म्हणाले. "थकलेला माणूस मान वर करून बघतो. घर किती राहिलं म्हणून."

त्याने वर काढला. मग दोघं पाण्याच्या काठाशी जाऊन उभे राहिले. मामांनी तळ्याकडे बघितलं, आज दार बंद दिसतंय म्हणाले आणि माघारी वळले. चढ चढताना ते एकेका झाडापाशी थांबून खूण शोधत होते. साली वाळल्या होत्या. बाणवाल्याने त्यांचा कोपर धरला आणि म्हणाला, "चला मामा, वाट मला माहीत आहे."