ओपोकू इथं राहत नाही

टॅक्सचे कागद भरून देणाऱ्या डेल्गाडोबाईंनी विचारलं, "तुमच्यावर अवलंबून कोण? त्यांच्या नावानं टॅक्समध्ये सूट मिळते."

"मुलगा. ओपोकू."

त्यांनी त्याचा जन्मदाखला पाहिला. "आईचं नाव तर वेगळंच आहे."

"ती माझी धाकटी बहीण. कुमासीला असते."

"म्हणजे हा भाचा."

माझं डोकंच फिरलं. आमच्या घानात बहिणीचं पोर आपलंच असतं. ओपोकू बोलायला लागल्यापासून मला आईच म्हणतो. दोन वर्षं ब्राँक्समधल्या माझ्या घरात सोफ्यावर झोपतोय आणि दोन माणसांचं जेवतोय.

"भाचा म्हणूनही चालला असता," त्या म्हणाल्या, "पण तो विद्यार्थी व्हिसावर आलाय. पहिली पाच वर्षं टॅक्सवाले त्याला इथला रहिवासी धरत नाहीत."

"व्हिसा देताना याच सरकारनं माझ्याकडून लिहून घेतलं, की याला मी पोसेन. तेव्हा बरी चालले मी."

"ते खातं वेगळं, बाई."

मी कागद ओढून घेतले आणि तणतणत घर गाठलं. ओपोकू जोलोफ भाताचं पातेलं खरवडत होता. माझ्या वाटणीचा भातही त्यानं संपवला होता.

मी पिशवी आपटली. "सरकार म्हणतं तू इथं राहतच नाहीस. मग माझा भात कोणी खाल्ला?"

त्यानं घास गिळला. "मी खाल्ला, आई."

"हे त्या खात्याला जाऊन सांग," मी म्हटलं आणि पुन्हा तांदूळ धुवायला घेतले.