बाहेरून सात, आतून सहा

गवंड्याने अंगणात उभं राहून वरच्या मजल्याच्या खिडक्या पुन्हा मोजल्या. सात. जिना चढून आतून मोजल्या, तर सहाच.

"काकू, ही सातवी नुसती शोभेची आहे," तो म्हणाला. "व्हिक्टोरिया राणीच्या काळातली घरं ही. दर्शनी बाजू दोन्हीकडे सारखी दिसली म्हणजे झालं, मग आत अंधार का असेना! बाहेर चौकट आणि काच, मागे काळा रंग फासलेल्या विटा."

"म्हणजे एकशे चाळीस वर्षं हे घर सगळ्यांना बनवतंय?"

"मलाही बनवलंच की!"

काकू हसल्या, पण त्यांचा हात शिलाई मशीनवरच राहिला. मशीन नेमकं त्या भिंतीला टेकलेलं होतं. दुसरीकडे हलवायला जागा नव्हती. हल्ली सुईत दोरा ओवताना त्यांच्या नाकी नऊ येत. इथे उजेड आला नाही, तर शिवणकामाला रामराम ठोकायचा, असं त्यांनी ठरवलंच होतं.

"फोडता येईल?"

"वरचा भार कोण घेणार?" गवंडी पुटपुटला. तो खरं तर खालचं मागचं दार बुजवायला आला होता. सकाळीच विटांचे तीन थर रचून झाले होते. बाजूच्या भिंतीत खाचा पाडून त्याने एकेक वीट अशी गुंतवली होती, की हत्ती धडकला तरी हलणार नाही, अशी फुशारकीही मारून झाली होती.

तरी त्याने गिलावा खरवडला. वर विटांची भक्कम कमान होती. खालच्या विटा मात्र बाजूच्या भिंतीत कुठेच गुंतवलेल्या नव्हत्या.

"नुसत्या चुन्यात बसवल्यात," तो हळूच म्हणाला. "कधी कुणाला काढाव्याशा वाटल्या, तर निघाव्यात म्हणून."

"कुणाला?"

"ते बांधणाऱ्या गवंड्याला तरी कुठे ठाऊक असणार?"

दुपारपर्यंत विटा निघाल्या. धुळकट काचेतून ऊन थेट मशीनवर आलं. काकूंनी दोरा एका झटक्यात ओवला, ओवलेल्या सुईकडे बघत राहिल्या, आणि मग चहा टाकायला उठल्या. त्यांना फार बरं वाटत होतं.

चहा संपवून गवंडी खाली गेला.

"काकू, दाराचं काम उद्यावर जाईल हो!"

"का? सकाळी तर म्हणालात, हत्तीनेही हलणार नाही!"

"म्हणून तर," तो म्हणाला, आणि ओल्या थरातली पहिली वीट त्याने अलगद सोडवली.