पाटाची अक्षरं

"ही बारा नावं काढायची," श्कोपेकसाहेबांनी निळी पेन्सिल पानावर आडवी ओढली.

"साहेब, नावंच तर आहेत. शिवी एक नाही," हिनेक स्लाविक म्हणाला.

"वर काय लिहिलंय? 'काच घासणाऱ्या, ज्यांची फुप्फुसं घासून गेली.' कारखान्याची बदनामी आहे ही. काढा."

श्कोपेक हे जिल्हा कचेरीतले पेपर तपासनीस. दर शनिवारी सकाळी त्यांच्या पेन्सिलीखालून गेल्याशिवाय गावचा साप्ताहिक पेपर दाराबाहेर पडत नसे. आणि स्लाविक त्या पेपरच्या छापखान्यातला जुळारी. चाळीस वर्षं त्याने दुसऱ्यांचे शब्द शिशाच्या खिळ्यांत जुळवले. स्वतःचं म्हणून लिहिलं ते एवढंच. बारावं नाव त्याच्या वारलेल्या बायकोचं होतं, फिलोमेनाचं. ते नाव आयुष्यात कधी कुठे छापून आलं नव्हतं.

त्याने खिळे उपसले. पेपर निघाला तो पहिल्या पानावर पांढरा चौकोन घेऊन.

त्या दिवशी पेपर तिप्पट खपला. गुत्त्यात लोकांनी तो चौकोन मेणबत्तीवर धरून पाहिला, कुणी त्यावर लिंबू पिळलं. खाटकाने तर तो चाटला आणि "खारट आहे, नक्की काहीतरी आहे," असं शपथेवर सांगितलं.

"स्लाविकमामा, होतं तरी काय त्यात?" गुत्तेवाल्या वीतेझस्लावाबाई बिअरचा मग आदळत म्हणाल्या.

"वाचून दाखवलं तर मला आत टाकतील. संसदेत कुणी वाचलं, तर मात्र छापायला कुणाच्या बापाची हरकत नाही. कायदाच आहे तसा."

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. तिथे खासदार झेलिंका बदक खात बसले होते. सहा वर्षांत संसदेत त्यांनी तोंड उघडलं होतं ते फक्त जांभईला.

"मी? सभागृहात? उभं राहून?" झेलिंकांच्या हातातली तंगडी खाली पडली.

"बसून वाचा हवं तर," बाई म्हणाल्या. "पण वाचलं नाहीत, तर या गावात तुम्हाला पुन्हा बदक मिळायचं नाही. कोबीसुद्धा नाही."

गुरुवारी झेलिंका प्रागमध्ये उभे राहिले. म्हणतात, सभापतींनी त्यांना पाहुणा समजून बाहेरचा रस्ता दाखवला. पण गड्याने बाराही नावं वाचली. तीही दोनदा, कारण पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. सभागृहाच्या दप्तरात नावं चढली.

त्या रात्री स्लाविकने शिशाच्या बारीक खिळ्यांना हात लावला नाही. सर्कशीच्या जाहिरातींची वीतभर उंच लाकडी अक्षरं काढली. पण सर्कशीला 'आ' लागतो किती? पेटीत चारच होते. आणि चेक बाईचं आडनाव म्हटलं की शेवटी 'आ' आलाच. बारा जणी, बारा 'आ', वर पहिल्या नावांतले वेगळे. मग तो घरी जाऊन फिलोमेनाचा पाट घेऊन आला, ज्यावर ती वर्षानुवर्षं लाटलेल्या पोळीच्या शेवया सुरीने कापायची, आणि चाकूने उजाडेपर्यंत 'आ' कोरत बसला.

शनिवारी श्कोपेकसाहेबांनी पान उघडलं. अख्खं पान. बारा नावं, बाकी काही नाही. पेन्सिल वरून खालपर्यंत गेली, आणि कागदाला न टेकता परत आली.

"एवढी मोठी अक्षरं?"

"संसदेने मापाबद्दल काही म्हटलेलं नाही साहेब."

श्कोपेकांनी पान उजेडात धरलं. बाहेर काच घासणाऱ्या बाया पेपरसाठी दारात दाटल्या होत्या. त्यांतली एक खिडकीतूनच नावं मोठ्याने वाचायला लागली.

"छपाई खराब आहे," अखेर ते म्हणाले. "काही अक्षरांत पांढऱ्या रेघा उठल्यात. या बघा, शेवटच्या नावात."

स्लाविकने चष्मा कपाळावर सरकवला. काळ्याभोर 'आ'मधून केसासारख्या रेघा गेल्या होत्या, एकीशेजारी एक, अगदी सारख्या अंतरावर.

"खराब नाही साहेब," तो म्हणाला. "तिचा हात सरळ चालायचा."

श्कोपेकांनी पेन्सिल खिशात ठेवली, आणि दार उघडून धरलं.