खाणीतली सखुबाई

टोपावरचं झाकण ओट्यावरून घसरलं, फरशीवर गरगर फिरलं आणि ठण्णकन बसलं. पहाटेच्या शांततेत तो आवाज घरभर झाला. कल्पिताने पिठाच्या हातानेच झाकण दाबून धरलं, पण व्हायचं ते झालं होतं.

"आये, कुठं जातंस?"

"कुठं नाय. नीज तू."

"मंग एवढ्या भाकऱ्या कुनाला?"

पाच वर्षांची गोदू एक डोळा मिटलेला ठेवून दारात उभी होती. गालावर गोधडीची शिवण उमटली होती. नवरा अल्पेश न्हावा-शेव्याला ट्रेलर घेऊन गेलेला, तो दोन दिवसांनी उगवणार. शेजारची नीराबाई पोरीला सांभाळायची, तर ती लेकीकडे गेलेली. कल्पिताने ओल्या फडक्याने पोरीचं तोंड पुसलं, दोन वेण्या घातल्या आणि म्हणाली, "चल. पन वर पान्याच्या कडंला जायाचं नाय."

चाळीस तांदळाच्या भाकऱ्या, टोपभर वालाचं बिरडं. दर रविवारी मुंबईची माणसं रेवसच्या धक्क्यावर लाँचमधून उतरायची आणि टमटम करून डोंगराच्या पायथ्याशी यायची. सुश्रुत त्यांना आणायचा. किनाऱ्यावर त्याच्या घरच्यांची नारळी-पोफळीची वाडी होती. मुंबईतली नोकरी सोडून तो दोन वर्षांपूर्वी परत आला, जंगलातल्या जुन्या वाटेवर दगडादगडावर पांढरे बाण रंगवले आणि तिला 'खाण ट्रेल' म्हणू लागला. कल्पिता पुढे चालून वाट दाखवायची आणि वर खाणीच्या काठावर सगळ्यांना जेवू घालायची. बाणांची तिला गरज नव्हती. ही वाट बायकांच्या पायांनी पडली होती, हातोडा आणि पाटी घेऊन रोज वर जाणाऱ्या बायकांच्या. त्यात तिची आई होती.

आज वीसजण होते. कल्पिता डोक्यावर भाकऱ्या नि बिरड्याचा टोप ठेवलेली पाटी घेऊन पुढे, गोदू तिची ओढणी धरून मागे. करवंदीच्या जाळीवर ओले पुसायचे कागद अडकले होते, पांढरे, कुजलेल्या फुलांसारखे. दगडाच्या कपारीत कुणीतरी बाळाचं भरलेलं डायपर गुंडाळून खोचलं होतं आणि त्यावर मुंग्यांची रांग लागली होती. गोदूने वाकून बघितलं. कल्पिताने तिचं तोंड वळवलं. मागच्या रविवारी तिने दोन पोती कचरा उचलून खाली नेला होता. आठ दिवसांत वाट पुन्हा उकिरडा झाली होती. चार पावलं मागे एकजण वाटेतच उभ्याने मोकळा होत होता आणि मित्राला ओरडून सांगत होता, "नेचर आहे यार, चालतं!"

तरी कल्पिता हसली. पाहुण्यांसमोर हसायची सवयच लागली होती.

शेवटच्या वळणावर नवी फळी ठोकलेली होती. केस मोकळे सोडलेल्या बाईचं चित्र, बाईला डोळे नाहीत. खाली लाल अक्षरं : हडळीची खाण.

कल्पिताने पाटी खाली उतरवली. "सुश्रुतदादा, ही कोन?"

"मजा हो ताई. लोकांना गोष्ट लागते. नुसते दगड बघायला कोण येतंय?"

"पन कुनाची गोष्ट?"

सुश्रुत मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "नाव नाही घेत आपण. खडी फोडणारी एक बाई. नवऱ्याने टाकलेली. पोर कडेवर घेऊन पाण्यात उडी मारते. अमावस्येला हातोड्याचा आवाज येतो, वगैरे." मग जवळ येऊन हळूच, "आज तुम्हीच सांगा ना. तुमच्या भाषेत जाम भारी वाटेल. पुढच्या महिन्यापासून मुख्य गाइड तुम्ही. कार्डसुद्धा छापायला टाकलंय."

बाण रंगवताना त्याने विचारलं होतं, ताई, तुम्हाला ही वाट इतकी पाठ कशी? तेव्हा तिने सांगितलं होतं, आई याच खाणीत खडी फोडायची आणि याच खाणीत गेली. आईबद्दल इतकं लक्ष देऊन कुणी आजवर ऐकलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले होते. "हे लोकांना कळलं पाहिजे," असं म्हणाला होता. तिला बरं वाटलं होतं. आज त्या बरं वाटण्याचीच तिला किळस आली. आपल्याच हाताने आईला तिने बाजारात बसवलं होतं. आणि कडेवरचं ते पोर, ते तर ती स्वतः होती. बुडालेलं पोर इथं भाकऱ्या घेऊन उभं होतं.

खाणीच्या काठावर माणसं गोल करून बसली. खाली हिरवं पाणी, त्यात रिकाम्या बाटल्या. सुश्रुतने टाळी वाजवली. "आता आमच्या कल्पिताताई सांगतील, ही खाण बंद का पडली!"

मोबाइल वर झाले. कल्पिता उभी राहिली. गळ्यात घालायचं ते कार्ड क्षणभर तिच्या डोळ्यांपुढे आलं. मग ती बोलली.

"ती माजी आई. सखुबाई नाव तिचं. कातळात आठ भोकं पाडलेली, आठ सुरुंग. रीत अशी का सगल्यांनी लांब बसून आवाज मोजायचे. आठ झाले का मगच खाली उतरायचं. त्या दिवशी आई बोलली, सातच झाले. मुकादम बोलला, दोन एकदम उडाले, तुला मोजता तरी येतंय का? बायका हसल्या. आई पन हसली. आन उतरली." कल्पिता थांबली. "मी ह्या माज्या पोरीएवढी व्हते. त्या पलीकडच्या झाडाखाली. तिनं उडी नाय मारली. माज्या बापानं तिला टाकली नव्हती. बाप तिच्यासाठी जेवायचा थांबला व्हता."

सगळे तिच्याकडेच बघत होते. कातळावरून एक पक्षी ओरडत गेला. कल्पिताला वाटलं, कळलं यांना.

मग टाळ्या पडल्या.

"ओ गॉड, काटा आला अंगावर," एका बाईने दंड पुढे करून मैत्रिणीला दाखवला. मघाशी वाटेत मोकळा झालेला तो तरुण पुढे सरकला. "ताई, मग तो राहिलेला आवाज अजून येतो का? रात्री?" आणि सगळे मोबाइल तिच्यावरून पाण्याकडे वळले.

सुश्रुतचा चेहरा उजळला. "ताई, हे आधीच्यापेक्षा कितीतरी भारी आहे! आठवा सुरुंग! फळी बदलूनच टाकतो मी."

कल्पिताने बिरड्याच्या टोपावरचं फडकं सारखं केलं, डाव वर ठेवला.

"भाकऱ्या मोजून चाळीस हायेत. तुमच्या हातानं घ्या. पुढच्या रविवारी दुसरी कुनी बघा, दादा."

"अहो ताई, चिडलात का? मी वाईट काय बोललो?"

त्याला खरंच कळलं नव्हतं. त्याचा चेहरा बघून तिला रागसुद्धा नीट येईना.

गोदू जवळ नव्हती. कल्पिताने आधी पाण्याकडे बघितलं. मग दिसली. काठापासून जरा मागेच, सांगितलं होतं तेवढं अंतर ठेवून, एका दगडावर मांडी घालून बसली होती. कल्पिता धावत गेली आणि तिच्याशेजारी टेकली. पोरीच्या कानामागे घाम आला होता. तिने ओढणीने तो टिपला, सुटलेली वेणी हातात घेतली.

"चल, घरला जाऊ."

गोदू हलली नाही. "आये, आजी राती येतंय हितं?"

कल्पिता वेणी घालत राहिली.

"सगली भ्यातान तिला. मी नाय भ्यायची. आपुन थांबू." पोरीने पाण्यावरची नजर काढली आणि आईकडे बघितलं. आता कुठं तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडली होती.

"पन तिनं मना कवा बगितलाच नाय. वळखील ना गं ती मना?"